साळवे साहेब आणि चारी बाजूंनी मोकळा फ्लॅट

माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला साळवे साहेब आले, पण दारातून सरळ आत आले नाहीत. आहेराचं पाकीट हातात धरून ते आधी घराच्या मागं गेले. माझे सासरे घाबरले. "कोण हा माणूस? नळाचं रीडिंग घ्यायला आलाय का?"

"नाही बाबा, माझे साहेब आहेत."

घराला पुरती प्रदक्षिणा घालून साहेब आत आले, पाकीट दिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, जमीन नावावर हाय, का नुसतं बांधकाम?"

साहेब घरांचं मूल्यांकन करतात. कर्ज देण्याआधी बँक त्यांच्याकडून घराच्या किमतीचा अहवाल घेते. गारखेड्यातल्या त्यांच्या ऑफिसात मी चार वर्षं इंजिनिअर आहे. साठीला टेकलेला माणूस, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं आणि कपाळावर बारा महिने घाम. अहवालाचे फॉर्म मुख्यतः दोन, एक फ्लॅटचा नि एक स्वतंत्र घराचा. आम्ही घर बघून फॉर्म उचलतो. साहेब नाही. "डोळे मिटा, कागद उघडा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका फॉर्मपायी त्यांना मी दिवसभर अस्वस्थ फेऱ्या मारताना पाहिलंय.

गेल्या वर्षी कल्पना सिस्टरचं काम आलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, पती वारलेले, मुलगी प्रज्ञा. तिला नागपूरला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता आणि फीसाठी घर तारण ठेवायचं होतं. सोमवारी सकाळी अहवाल बँकेत हवा, नाहीतर फीची मुदत हुकणार.

घर बीड बायपासच्या पलीकडं, आठ बंगल्यांच्या वसाहतीत. चारी बाजूंनी मोकळा बंगला, पुढं अंगण, अंगणात कढीपत्ता. मी घराचा फॉर्म काढला.

"थांबा." साहेबांनी कागद वाचले. पुन्हा वाचले. चहा निवून गेला.

"लई घोळ हाय, ताई. हा फ्लॅट हाय."

सिस्टर हसल्या. "साहेब, माझ्या वर कुणी राहत नाय, खाली कुणी राहत नाय. फ्लॅट कसा?"

"बिल्डरनं अपार्टमेंट म्हणून नोंदवलंय. घर तुमचं, पण जमीन आठही घरांची मिळून एक. तुमचा हिस्सा हाय त्यात, पण तुकडा वेगळा काढून दाखवता येत नाय."

सिस्टरचं हसू मावळलं. "म्हणजे हा कढीपत्ता माझा नाय?"

साहेबांनी गार चहा एका घोटात संपवला.

परतताना स्कूटरवर त्यांनी मला पेच सांगितला. घराचा फॉर्म भरला तर बँकेचा वकील फाइल परत पाठवणार. फ्लॅटचा भरून आसपासच्या फ्लॅटांचे दर लावले, तर किंमत खाली येणार आणि कर्ज अपुरं पडणार. त्यांनी बँकेत तीनदा फोन केला. तीनदा उत्तर आलं, "तुमचं तुम्ही ठरवा." दुसऱ्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

"साहेब, दोन घास खा."

"पोरीचं वर्ष हाय हे, ताई."

शुक्रवारी सकाळी ते एकदम उठले. "फॉर्म फ्लॅटचाच. पण तुलना फ्लॅटशी कशाला? असाच बंगला, असाच कागद, कुणीतरी कुठंतरी विकला असंलच की!"

दोन दिवस आम्ही उन्हात फाटकं वाजवत फिरलो. एका आजोबांनी त्यांना सोलरवाला समजून गच्चीवर चढवलं. साहेब चढलेही, आणि गच्ची मोजून खाली आले. शनिवारी दुपारपर्यंत अशा विक्रीचे तीन व्यवहार सापडले. साहेबांनी फ्लॅटचा फॉर्म भरला आणि त्याला स्वतः लिहिलेली दोन पानं जोडली. एकही भिंत सामाईक नाही, वर-खाली दुसरं घर नाही, अंगण फक्त याच घराच्या वापराचं. किंमत योग्य बसली. गुरुवारी कर्ज मंजूर झालं, फी मुदतीत भरली गेली.

सिस्टर प्रज्ञाला घेऊन पेढे द्यायला आल्या. आभार कसे घ्यायचे हे साहेबांना माहीत नसावं. पेढा हातातच धरून ते म्हणाले, "कढीपत्ता तुम्हीच तोडायचा, सिस्टर. मी लिहिलंय तसं." मग प्रज्ञाकडं वळले. "पोचलीस की आईला फोन कर. आन् मग... जमलं तर इथं बी कर."

मी चमकून बघितलं. त्यांची पत्नी वारून तीन वर्षं झाली होती. मुलगा कॅनडात, त्याचा फोन सणासुदीला. हे मला ठाऊक होतं, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

आठ दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"खोली केवढी हाय? खिडकी कुठल्या अंगाला? पंखा चालतो ना नीट?"

ती सांगत गेली तसे ते कोऱ्या कागदावर रेघा ओढत गेले. दार, खिडकी, दोन पलंग, टेबल. फोन ठेवल्यावर प्रज्ञाच्या पलंगावर त्यांनी बारीक अक्षरात तिचं नाव लिहिलं.

"कुठल्या फाइलला लावू साहेब?" मी हात पुढं केला.

"नको, राहू द्या." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली.