तीनशे बारा चौकोनांचं पत्र

कागदावर सही पडली की तो वाचलेला असतो. साऱ्या कारभाराचा पाया हाच आहे, आणि कोल्हापुरातल्या आमच्या कार्यालयात तो फार मजबूत आहे.

सन २००४ च्या एप्रिलात आमच्याकडे पहिला मराठी ईमेल आला. शाहूवाडीकडच्या एका वाडीतल्या शिक्षिका संघप्रिया कांबळे यांनी तो नेट कॅफेत बसून पाठवला होता. त्यांचा फॉन्ट आमच्या कॉम्प्युटरात नव्हता. त्यामुळे पडद्यावर उमटलं ते असं : चौकोन ३१२, प्रश्नचिन्हं ४७, आणि शाबूत राहिलेला एकच आकडा, १४. (मोजणी मी स्वतः केली. दोनदा. पहिल्यांदा मधेच जेवणाची सुट्टी झाली.)

ऑपरेटर मनालीनं प्रिंट काढली, मी आवकचा शिक्का मारला आणि कागद पट्टणशेट्टी साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब फोनवर होते. सवयीनं त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, 'वाचले. योग्य ती कार्यवाही व्हावी.' झालं, विषयच मिटला. साहेबांनी वाचलेलं पत्र आपल्याला वाचता येत नाही, हे म्हणायची छाती कुणाची? हेडक्लार्क भाऊसोंनी चष्मा पुसून ते पत्र वाचलं आणि 'सहमत' लिहिलं. मग मीही वाचून सही केली. खोटं कशाला बोलू, मला ते जरा लांबलेलं वाटलं.

मनाली नवीन होती. ती म्हणाली, बाईंकडून फॉन्ट मागवून घेऊ, पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही तिला प्रेमानं समजावलं की फॉन्ट मागवणं म्हणजे साहेबांना वाचता आलं नाही असं लेखी कळवणं. त्याच आठवड्यात तिची पन्हाळ्याच्या शाखेत सोय झाली. (हवा चांगली आहे तिथली.)

मग कार्यवाही सुरू झाली. विषय तारखेचा आहे हे भाऊसोंनी १४ वरून अचूक ओळखलं आणि १४ मे रोजी बैठक लावली. बैठक यशस्वी झाली, भजी गरम होती. आपलं पत्र वाचलं असून उचित कार्यवाही चालू आहे, असं उत्तर बाईंना इंग्रजीत गेलं, कारण तो नमुना तयार होता. त्यावर बाईंचा ईमेल आला, आभाराचा असावा : चौकोन ८८. तोही आम्ही वाचला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बाई स्वतः आल्या. साडीचा काठ चिखलानं भरलेला होता. भाऊसोंनी मोठ्या अभिमानानं फाईल पुढं केली. बाईंनी पत्र पाहिलं, एकेका सहीवर बोट ठेवलं.

"तिघांनीबी वाचलंय न्हवं? मग त्यात काय लिहिलंय, तेवढं सांगा की."

भाऊसोंनी माझ्याकडं पाहिलं, मी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी फोन उचलला. तो वाजलेला नव्हता.

"ते चौदा तारखेचं," मी म्हणालो.

"चौदा पोरं हाईत ती," बाई म्हणाल्या.

मग त्यांनीच आम्हाला आमचं पत्र सांगितलं. वाडी आणि शाळा यांच्यामधे ओढा आहे. त्याच्यावरचा साकव गेल्या पावसाळ्यात वाहून गेला. मे महिन्यात नवीन साकव टाकला नाही तर दिवाळीपर्यंत एकही पोर शाळेत येऊ शकणार नाही. आता ओढा भरला होता आणि पोरं घरात बसली होती. बाई आवाज चढवून बोलल्या नाहीत, त्यामुळं मला फारच लाज वाटली. (कार्यालयीन वेळेत वाटल्यानं नोंद करता आली नाही.)

भाऊसोंनाही वाईट वाटलं. त्यांनी बाईंना पाणी दिलं आणि हे सगळं लेखी द्यायला सांगितलं. ईमेलनं दिलं तर लवकर होईल, असंही म्हणाले.

हसा, खुशाल हसा. पण पावणं, तुम्ही ईमेलचं खातं उघडलं तेव्हा पडद्यावर हातभर लांब नियम आले होते आणि खाली एक चौकोन होता, 'मी हे सर्व वाचले आहे आणि मला मान्य आहे.' तुम्ही त्यात झटक्यात खूण केलीत. त्यात काय लिहिलं होतं, तेवढं सांगा की. आम्ही निदान चौकोन मोजले होते.