पाच दिवसांतले तीन महिने

"आज फेब्रुवारी संपला. बर्फ वितळला. झाडांना पालवी फुटली," असं सामंत टेपरेकॉर्डरमध्ये खणखणीत आवाजात सांगत होता, तेव्हा डिसेंबर चालू होता आणि त्याच्या माकडटोपीवर बर्फ साचत होता. व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चसमोर आम्ही उभे होतो. येणारेजाणारे थांबून बघत होते. मी चार पावलं लांब सरकलो आणि हा माणूस माझ्या ओळखीचा नाही, असा चेहरा केला. पण तशीच माकडटोपी माझ्याही डोक्यावर असल्यामुळे कुणाची फसगत झाली नाही.

सामंत देवगडचा. सौदीत धाहरानला आम्ही एकाच तेल कंपनीत इंजिनिअर, कॅम्पात शेजारी. इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्यावर आम्ही बायकामुलांना भारतात धाडलं. आमच्या दोघांची रजा मात्र बंद. "तुमच्याशिवाय प्लांट चालणार नाही," साहेब म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला इतकं महत्त्वाचं म्हटलं आणि मला रडू आलं. तेवढ्यात एका कॉम्प्रेसरची तपासणी निघाली आणि आम्हाला पाच दिवस व्हिएन्नाला पाठवलं. सहाव्या दिवशी परत धाहरान. जानेवारीत लढाई पेटणार, असं रेडिओ रोज सांगत होता. तेव्हा हे पाच दिवस पोटभर खायचं, डोळे भरून बघायचं आणि पुढचा विचार करायचा नाही, एवढाच माझा बेत होता.

पण सौदीत दहा वर्षं मुरलेला माणूस असा एकदम युरोपात सोडू नये. पहिल्याच संध्याकाळी एका हॉटेलच्या दारातून सामंतनं मला दंडाला धरून मागे ओढलं. "अरे मेल्या, आत बायका बसल्यायत! फॅमिली सेक्शन आहे हा!" आमच्याकडे एकट्या पुरुषांनी त्या बाजूला पाऊलसुद्धा टाकायचं नसतं. आम्ही पुरुषांचं दार शोधत इमारतीला दोन प्रदक्षिणा घातल्या. पुढच्या हॉटेलात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. शेवटी बागेतल्या बाकावर कुडकुडत पाव आणि केळी खाल्ली. आता हसतोय खरा, पण "दार मागच्या गल्लीतून असेल" ही अक्कल माझीच होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात हॅट घालून आरशात बघत होतो. चर्चची घंटा वाजली मात्र, आम्ही दोघं धावत बाहेर! धाहरानला नमाजाच्या वेळी दुकानं बंद होतात, आत अडकायला नको, ही सवय. हॅट माझ्या डोक्यावरच. मागून दुकानदारीण ओरडत आली. सामंत तिला अदबीनं म्हणाला, "मॅडम, यू प्रे, वी वेट." बाई बघतच राहिली.

एवढंही मी सहन केलं असतं. पण तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या पोटावर पाय दिला. ताटाबाहेर लोंबणारं, भाकरीएवढं श्निट्झेल नुकतंच पुढ्यात आलं होतं. सामंतनं दोन घास खाल्ले, टेपरेकॉर्डरमध्ये "आज जानेवारीतला गुरुवार, तळलेलं मटण, वर लिंबू" असं सांगितलं आणि उठला. "यल्ला, चल ऊठ! आता फेब्रुवारीचं हॉटेल."

"बास! बस खाली," मी ओरडलो. "जिवंतपणी मिळालेत पाच दिवस, ते तरी धड खाऊ दे! काय वेड लागलंय तुला?"

तो बसला. लिंबाची फोड उगाच पिळत राहिला. "आईला सांगितलंय, माझी इकडे बदली झाली म्हणून," तो म्हणाला. "ऑक्टोबरात तिला झटका येऊन गेला ना. बातम्यांत धाहरान ऐकलं की जेवत नाही. डॉक्टरांनी सुधाला बजावलंय, धक्का बसता कामा नये."

सुधा त्याची बायको. ती या कटात सामील होती. आईला वाचायला दिसत नाही, म्हणून सामंत पूर्वीपासून पत्राऐवजी कॅसेटच पाठवायचा. आता त्याला सहा कॅसेटी भरायच्या होत्या. आम्ही उतरलो होतो तिथली म्हातारी मालकीण दर पंधरा दिवसांनी एक टपालात टाकणार होती. "शिक्का इथलाच हवा," सामंत म्हणाला. "आमचा पोस्टमन शिक्कासुद्धा वाचून दाखवतो."

मला माझीच भयंकर लाज वाटली. पण लाज वाटली तरी श्निट्झेल मी संपवलं, खोटं कशाला सांगू? दोघांचंही.

मग मीही कटात शिरलो. "तीन महिन्यांत एकदाही सर्दी नाही? आई काय दूधखुळी आहे?" असं म्हणून चौथ्या कॅसेटला त्याला खोकायला लावलं. एका दिवसात राजवाडा, नदी, दोनदा गुलाशचा झणझणीत रस्सा आणि चार वेळा सफरचंदाचा श्ट्रुडेल असे सहा आठवडे आम्ही जगलो. मोठ्या आकाशपाळण्यात वर गेल्यावर "अगो आईऽऽ" अशी किंकाळी टेपवर ऐकू येते, ती सामंतची नाही.

निघायच्या दिवशी दुपारी, बॅगा भरून झाल्यावर, पलंगाच्या कडेला बसून त्यानं सहावी कॅसेट सुरू केली. "आई, मार्च उजाडला. लढाई संपली गं. सगळे सुखरूप आहेत. मी आता रजा घेऊन येतोय. सुधाला सांग, एस.टी. स्टँडवर येऊ नकोस, मी येतो आपला."

मी बटण दाबून टेप थांबवली. "अरे, लढाई अजून सुरूसुद्धा झाली नाही. आणि मार्चपर्यंत नाही संपली तर?"

"संपायलाच हवी," तो म्हणाला. "याच्या पुढचं खोटं मला सुचत नाही." त्यानं टेप पुन्हा चालू केली आणि माझ्या तोंडाशी धरली. "तू पण बोल. आई विचारते तुझ्याबद्दल."

मी जन्माचा बडबड्या. ऑफिसात मला लोक टाळतात. "काकू, मी..." म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. संध्याकाळचं विमान दिसायला लागलं, बायको दिसायला लागली, मुलं दिसायला लागली. टेप नुसती फिरत होती.

सामंतनं हळूच ती आपल्याकडे घेतली. "आई, हा पण बरा आहे हो," तो हसत म्हणाला. "तोंडात घास आहे, म्हणून बोलत नाही. मी आहे ना बरोबर, काळजी करू नकोस."

मग त्यानं बटण बंद केलं, आणि आम्ही दोघंही हमसून हमसून रडलो.