सामन्याच्या दिवशी नवं कार्ड

“संध्याकाळी घरी आलीस ना, की स्वतःचं मशीन तुला ओळखू येणार नाही!” इंजिनिअर बायकोला म्हणाला. म्हणजे मनातल्या मनात म्हणाला. उघड म्हणायची सोय नव्हती, कारण सकाळी डबा पिशवीत टाकता टाकता तिने त्याला बजावलं होतं, “आज त्या मशीनला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. कळलं?”

“छे छे! मी कशाला लावतोय!” तो म्हणाला. तिच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, पडद्यावरची चित्रं पळवणारं नवं ग्राफिक्स कार्ड तेव्हा त्याच्या ऑफिसच्या बॅगेत, रुमालाखाली निवांत पडलं होतं.

इंजिनिअर हे त्याचं घरातलं नाव. खऱ्या आयुष्यात तो विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचा आणि थापा मारणाऱ्यांना बरोबर पकडायचा. इंजिनिअर म्हणायचं कारण एवढंच, की घरातली कुठलीही बिघडलेली वस्तू आधी त्याच्याकडे जायची आणि मग, आणखी थोडी बिघडून, दुकानात.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. शीर कितीही दडून बसलेली असो, तिला पहिल्याच टोचणीत सापडायची. संध्याकाळी मात्र ती पाच बायकांच्या संघातून कॉम्प्युटरवर नेमबाजीचा खेळ खेळायची आणि तिथे तिला ‘सुई’ म्हणत. आज सहा वाजता सुईच्या संघाचा अंतिम सामना होता. पहिलाच, आणि बहुधा शेवटचाही. एकीची बदली झाली होती, दुसरीचे दिवस भरत आले होते. आज जिंकल्या तर जिंकल्या, नाहीतर विषय संपला!

मग अशा दिवशी याने हा उपद्व्याप का करावा? तर मागच्या सामन्यात ऐन मोक्याला तिच्या पडद्यावरचं चित्र क्षणभर अडकलं होतं. “जाऊ दे, जुनं झालंय बिचारं,” एवढंच ती म्हणाली. पण तेव्हा तिचा पडलेला चेहरा काही त्याला बघवला नाही. बायकोवर त्याचं मनापासून प्रेम होतं. आता प्रेमाच्या हाती स्क्रूड्रायव्हर लागला की काय होतं, ते बघा.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो दुपारी घरी आला. मशीन सासऱ्यांच्या खोलीत होतं, कारण इंटरनेटची वायर तिथपर्यंतच पोचायची. सासरे जेवून भिंतीकडे तोंड करून झोपले होते. इंजिनिअर चवड्यांवर चालत आत गेला, मशीनचं झाकण उघडलं, जुनं कार्ड काढून सासऱ्यांच्या पायाशी गादीवर ठेवलं आणि नवं बसवलं. खट्! पहिल्या फटक्यात बसलं! त्याला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की टाळ्या वाजवायला माणूस जागा नाही याचं वाईट वाटलं.

मग त्याने खेळ सुरू केला. दर सेकंदाला पडद्यावर किती चित्रं पळतात, तो आकडा कोपऱ्यात दिसतो. जितका मोठा आकडा, तितका खेळ सुळसुळीत. जुनं कार्ड रडतखडत का होईना, साठ द्यायचं. नव्याच्या खोक्यावर एकशे चाळीसचं आश्वासन छापलेलं होतं.

आकडा आला तीस.

त्याने डोळे चोळले. तीस! माऊस आपटला. तीस! मशीन बंद करून चालू केलं, हात जोडले, पुन्हा बघितलं. तीसच! त्याने खोलीबाहेर येऊन डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. आधी लक्षणं विचारायचा, मग इलाज सांगायचा, म्हणून डॉक्टर.

“आकडा तिसावर ठाम आहे की खालीवर होतोय?” डॉक्टरने विचारलं.

ठाम होता. पण ‘तिसावर ठाम आहे’ हे इंजिनिअरला फारच किरकोळ वाटलं. एवढ्याशा आजाराला डॉक्टर काय भाव देणार!

“खालीवर? अहो, नुसता थयथयाट चाललाय! मघाशी तर पाचावर गेला!”

“पाचावर?”

“हो! आणि जरासा वाससुद्धा येतोय!”

“वास? अहो, मग बंद करा आधी!” डॉक्टर ओरडला. “वीज कमी पडत असेल. आतल्या सगळ्या वायरी काढून पुन्हा लावा. जुन्या कार्डाचे प्रोग्राम मुळापासून उडवा. तरी नाही जमलं तर खेळही काढून नव्याने टाका.”

दुसऱ्यांच्या थापा पकडणारा आमचा इंजिनिअर स्वतःच्या थापेवर मिळालेला इलाज घेऊन कामाला लागला.

वायरी काढल्या. त्या काढताना कुठली कुठे होती हे लक्षात ठेवायचं असतं, हे काढून झाल्यावर लक्षात आलं. स्क्रूड्रायव्हर हातातून निसटला, खणखण करत फरशीवरून गेला आणि पलंगाखाली दिसेनासा झाला.

“कोण आहे?” सासऱ्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“मी आहे, बाबा!”

“तरीच. चोर असता तर एवढा आवाज झाला नसता.”

“झालंच बाबा, तुम्ही झोपा.”

“कालच्या दिवशी ती किती शांतपणे खेळली इथे. मला पत्तासुद्धा लागला नाही. नाहीतर तुम्ही, जावईबापू!”

“हो बाबा, हो,” जावईबापू पलंगाखालून म्हणाले. ऐकलं त्यातलं अक्षरही नाही.

वायरी लागल्या. आकडा तीस! प्रोग्राम उडवले, नवे टाकले. तीस! शेवटी काळजावर दगड ठेवून त्याने खेळच काढून टाकला आणि पुन्हा उतरवायला लावला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. तो घड्याळाकडे बघायचा, पट्टीकडे बघायचा, पुन्हा घड्याळाकडे बघायचा. घड्याळ मात्र कधी नव्हे ते धावत होतं. बायको साडेपाचला येणार होती! आपण तिची एकुलती एक संधी मातीत घालतोय, हे त्याला आता स्पष्ट दिसायला लागलं.

पट्टी संपली. खेळ उघडला. तीस!

“जाऊ दे,” तो स्वतःशी म्हणाला. “जुनं कार्ड लावतो परत. तिला काही कळायच्या आत सगळं होतं तसं!” तो वळला, हात पुढे केला, आणि नेमके त्याच क्षणी सासरे पाय पोटाशी घेऊन उताणे वळले, पलंगाच्या पायथ्याकडे घसरले आणि निवांत विसावले.

कट्ट!

“बाबा!”

“काय टोचतंय हे?” सासऱ्यांनी पाठीखाली हात घालून कार्ड बाहेर ओढलं. त्याची धातूची पट्टी वाकली होती आणि त्याच्यावरच्या इवल्या पंख्याचं एक पातं त्यांच्या बनियनला लटकत होतं. “जावईबापू, हे काय अंथरलंय तुम्ही माझ्या गादीत?”

इंजिनिअरने पुन्हा डॉक्टरला फोन लावला.

“वास वाढला का?” डॉक्टरने विचारलं.

“नाही... तसा वास नव्हताच.”

“आणि आकडा पाचावर गेलेला?”

“तसा... गेला नव्हता.”

“मग झालंय काय नेमकं?”

“तीस,” इंजिनिअर रडकुंडीला येऊन म्हणाला. “पहिल्यापासून तीस. तसूभर हलत नाही हो!”

“अहो साहेब,” डॉक्टर म्हणाला, “आकडा असा खिळून बसतो तो कोणीतरी बांधून ठेवला म्हणून. हे मशीन वापरतं कोण? वहिनी ना? मग त्यांना का नाही विचारत?”

तेवढ्यात बाहेर कुलपात किल्ली फिरली.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिने फरशीवरचे स्क्रू बघितले. मोडकं कार्ड हातात धरून बसलेले वडील बघितले. केसांत जळमटं घेऊन उभा असलेला नवरा बघितला.

“अगं, तुला आनंद व्हावा म्हणून मी...”

तिने माऊस हातात घेतला. पडद्यावरच्या घड्याळाशेजारी एका वेगळ्याच प्रोग्रामचं बारीकसं चिन्ह होतं, त्यावर टिचकी मारली, एक खूण काढली. आकडा टुणकन एकशे चाळीसवर गेला!

“काल सुट्टी होती ना, दुपारी सराव केला,” ती म्हणाली. “जोरात चाललं की मशीनमधले पंखे भणभणतात आणि बाबांची झोप मोडते. म्हणून तीसवर बांधून ठेवलं होतं. ते आज खेळायच्या आधी सोडायचं होतं. बस.”

“म्हणजे कार्ड चांगलंय!” इंजिनिअर आनंदाने ओरडला. “म्हणजे माझं काहीच चुकलं...”

“माझी बटणं कुठे गेली?”

“कसली बटणं?”

“खेळातली! कुठल्या बोटाने काय करायचं ते सगळं मी माझ्या हाताप्रमाणे लावलं होतं. दोन वर्षं लागली बसायला. कुठे गेलं ते?”

खेळ काढून टाकला होता, त्याच्याबरोबर तेही गेलं होतं. हे सांगताना इंजिनिअरचा आवाज इतका बारीक झाला, की सासऱ्यांनी कानामागे हात धरला.

ती खुर्चीत बसली. डोळे मिटून हवेत बोटं हलवू लागली, कारण ती बटणं डोक्याला नाही, बोटांना पाठ होती. एकेक बोट हलवायची, डोळे उघडून ते बटण लावायची, पुन्हा डोळे मिटायची. हेडफोनमधून मैत्रिणी कलकलत होत्या, “सुई, कुठेस तू? सुरू होतंय!”

“मी काही मदत...” इंजिनिअर पुटपुटला.

तिने नुसतं बघितलं. “बाहेर.”

तो बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर जाऊन बसला. मागोमाग सासरेही येऊन शेजारी टेकले. आतून तिचा आवाज आला, “अगं, गोळी मारायला गेले आणि खालीच बसले मी!” तीनपैकी पहिली फेरी गेली. इंजिनिअरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“मी सगळ्याचा विचका केला, बाबा.”

“केलात खरा,” सासरे म्हणाले. “पण तिचं लहानपणापासून असंच आहे. आधी हरते, मग चिडते.”

“आणि मग?”

“मग समोरच्याचं काही खरं नसतं.”

दुसऱ्या फेरीत आतून बोलण्याचा आवाजच आला नाही, नुसतं बटणांचं टकटक. ती फेरी तिच्या संघाची! तिसऱ्या फेरीत दोघांनीही श्वास रोखून धरले. टकटक थांबली. एक क्षण काहीच नाही. आणि मग एकदम इतका मोठा चीत्कार झाला, की सासरे स्टुलावरून अर्धे उठले. जिंकल्या! जिंकल्या होत्या!

तिने हेडफोन काढून आवाज मोकळा सोडला होता. मैत्रिणी हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींवर ओरडत होत्या. त्यातलीच एक म्हणाली, “सुई, काय खेळलीस गं! पहिल्या फेरीनंतर तर वीज संचारली होती तुझ्यात! खरं सांग, आज घरी काय बदललंस?”

इंजिनिअर ताडकन उभा राहिला. केसांतली जळमटं झटकली, कॉलर नीट केली आणि आत जाण्यासाठी दाराच्या कडीवर हात ठेवला.

“काही नाही गं,” आतून आवाज आला. “नवऱ्याला खोलीबाहेर काढलं!”