कालचा भोपळा आणि कानतुट्याचा जीव

आमच्या घरात सध्या दोन राज्यं आहेत. एक माझं, एक आमच्या ह्यांचं. दोन्ही बैठकीतल्या एकाच टीव्हीवर नांदतात, म्हणून दुपारी माझं राज्य आणि संध्याकाळी त्यांचं, अशी वाटणी झालेली आहे. वाटणी नातीने करून दिली. गेमही तिनेच आणला. "आजी, याने मेंदू तल्लख राहतो," म्हणाली. मेंदूचं मला माहीत नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात भांडायला नवा विषय उरला नव्हता, तो या गेमने मिळवून दिला.

विषय गंभीर आहे, म्हणून नीट सांगते. गेमच्या पहिल्या भागात तलवार घेऊन रानातून जायचं असतं. वाटेत माणसं भेटतात आणि कोणाचं काय करायचं ते आपण ठरवायचं. एका वळणावर कानतुट्या नावाचा दरोडेखोर हाती लागतो. डावा कान अर्धा, दात पुढे, गुडघ्यावर बसून हमसाहमशी रडतो. "मारू नका हो, घरी म्हातारी आई आहे!" खाली दोन बटणं: मारा, सोडा. सोडला तर राजा रागावतो, घोडा काढून घेतो आणि पुढचा अख्खा डोंगर पायी चढावा लागतो.

मी सोडला. लगेच स्क्रीनवर अक्षरं उमटली: "आपल्या या निर्णयाचे दूरगामी परिणाम होतील."

मी रिमोट खाली ठेवला आणि चष्मा पुसला. माझ्या कुठल्याही निर्णयाबद्दल आजवर असं कुणी बोललं नव्हतं. या घराला कुठला रंग द्यायचा ते मी सांगितलं होतं, तेव्हा रंगाऱ्याने "अवश्य, अवश्य" म्हणत दुसराच डबा उघडला होता. आणि इथे दूरगामी परिणाम! मी तो डोंगर पायी चढले. गुडघे गेममधल्या बाईचे होते, पण कळा मला येत होत्या.

ह्यांनी कानतुट्याला पहिल्या फटक्यात उडवला.

"अहो, घरी आई होती त्याची!"

"चोर तो. आई आहे कशावरून?"

"पण मारलात का?"

"बूट चांगले होते."

पुढे ह्यांनी डोंगराखालचं गावही जाळलं. जाळ कसा काढलाय ते बघायचं होतं म्हणे. मी त्याच गावाची विहीर उपसून दिली, पोरांना औषध आणून दिलं, एका कोंबडीला कोल्ह्याच्या तोंडातून सोडवलं. मग मी वाट बघायला लागले. दुसरा भाग येणार होता, आणि त्यात जुने निर्णय पुढे नेता येणार होते. मला कानतुट्याला भेटायचं होतं, बाकी काही नको. एवढं सगळं केलंय त्याच्यासाठी, निदान "कशा आहात?" तरी म्हणेल.

दुसरा भाग आला. मी केस विंचरून टीव्हीसमोर बसले. यंत्राने माझे निर्णय आत घेतले, एक चक्र बराच वेळ गरगरत राहिलं, आणि खालचं गाव उघडलं.

अर्धं जळालेलं.

"हे काय? मी तर वाचवलं होतं!"

गावातला लोहार म्हणाला, "काय सांगू, तुम्ही गेल्यावर वीज पडली."

संध्याकाळी ह्यांनी आपलं राज्य उघडलं. तेच गाव, अर्धं जळालेलं. त्यांचा लोहार म्हणाला, "काय सांगू, सगळं जळालं होतं. दयाळू वाटसरूंनी अर्धं बांधून दिलं." विहीर तीच. कोंबडी तीच, त्याच दगडावर, त्याच बाजूला मान वळवून.

आणि कानतुट्या? माझ्या गेममध्ये तो बाजारात भेटला. मी धावत गेले. तो म्हणाला, "कोण आपण? माझ्या डोक्याला मार लागलाय, मागचं काही आठवत नाही." ह्यांच्या गेममध्ये तो मेलेला, म्हणून त्याचा जुळा भाऊ भेटला. कान त्याचाही तुटका. तो म्हणाला, "कोण आपण? मी तुम्हाला ओळखत नाही." आवाज एकच, दात एकच, उभं राहायची जागा एकच.

हे पोट धरून हसले. "बघ! तू डोंगर चढलीस, मी पाय पसरून घोड्यावरून गेलो. दोघं पोचलो कुठे? याच्यापुढे! वर मला बूट मिळाले."

पुरुषाला बरोबर ठरू देणं आमच्या घराण्यात नाही. मी कंपनीला तक्रार केली. उत्तर आलं की माझ्या भावना त्यांच्यासाठी मोलाच्या आहेत. मी कळवलं की भावना ठेवून घ्या, कानतुट्याची आठवण परत करा. पुन्हा उत्तर आलं की माझ्या भावना अजूनही मोलाच्याच आहेत. तेव्हा मी छत्री उचलली आणि बसने थेट त्यांचं ऑफिस गाठलं.

ऑफिसात शिरताना दोन दारं होती. एकावर लिहिलेलं "सूचना", दुसऱ्यावर "तक्रार". मी दोन्हींसमोर उभी राहून खूप विचार केला. शेवटी समंजसपणे "सूचना" उघडलं. आत एक बाक होतं. थोड्या वेळाने "तक्रार"मधून एक तावातावाने आलेले गृहस्थ त्याच बाकावर माझ्या शेजारी टेकले.

मला निर्णय-सातत्य विभागाच्या अधिकाऱ्यापुढे नेलं. पोरगेलासाच होता. गळ्यात हेडफोन, डोळ्यांखाली काळं.

"आजी, समजून घ्या," तो म्हणाला. "एका निर्णयाची दोन जगं होतात. दोन निर्णयांची चार. असंच वाढत गेलं तर इतकी गावं काढणार कोण? आमच्याकडे कोंबड्या काढणारा माणूस एकच आहे, आणि तो रजेवर आहे. म्हणून आम्ही परिणामांचं एकत्रीकरण करतो."

"म्हणजे लोकांना फसवता."

"फसवता आलं असतं तर काय हवं होतं!" त्याने कपाळावर हात मारला. "लोक पकडतात हो आम्हाला. 'आम्हाला विचारलंत कशाला?' म्हणून रोज शिव्या देतात. निवड खरी वाटायला हवी, ती वाटतच नाही."

मला राग यायला हवा होता. पण समोर कुणी काम अर्धवट करताना दिसलं की माझे हात शिवशिवतात.

"अरे बाळा, तू विचारतोसच चुकीचं," मी म्हटलं. "मी रोज सकाळी आमच्या ह्यांना विचारते, भाजी काय करू? तेव्हा फ्लॉवर चिरून झालेला असतो."

"मग ते दुसरंच काही म्हणाले तर?"

"म्हणतीलच कसे? मी विचारते, 'फ्लॉवर करू, की कालचा भोपळा गरम करू?'"

त्याने गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"माणूस आपण होऊन फ्लॉवर म्हणतो. खुशीत म्हणतो. वर मीठ जास्त झालं तरी ओरडायची सोय नाही. तुम्हीच म्हणालात ना फ्लॉवर, मग खा."

अधिकारी उठून उभा राहिला. त्याने काचेचं दार उघडून बाहेर हाक मारली, "सगळे आत या! आजी, ते भोपळ्याचं पुन्हा एकदा सांगा."

त्याच दुपारी मला सल्लागार नेमलं. फिरती खुर्ची दिली, गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड दिलं. मी एकच अट घातली: तिसऱ्या भागात कानतुट्या जिवंत राहिला पाहिजे आणि त्याला मी आठवले पाहिजे. "अवश्य," अधिकारी म्हणाला. हा शब्द मी रंगाऱ्याकडूनही ऐकला होता. पण खुर्ची फार छान फिरत होती.

तिसरा भाग मी मार्गी लावला, असं म्हटलं तर ती बढाई ठरेल. म्हणून अधिकारी तसं म्हणाला, एवढंच सांगते. कुठलाही प्रसंग आला की बैठकीत पहिला प्रश्न हाच: "यात भोपळा कुठे आहे?" राणीला वाचवाल, की तबेल्यातले लगाम रंगांप्रमाणे लावाल? लोक राणीला वाचवायचे आणि म्हणायचे, मी वाचवली! गुरूचा सूड घ्याल, की गुरूच्या वहिनीचं गाणं शेवटपर्यंत ऐकाल? चाचणीला बसवलेला एक तरुण रडत बाहेर आला आणि म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः काहीतरी ठरवलं. विभागात पत्रकं फिरू लागली: "प्रसंगाचा भोपळा अपुरा शिळा आहे, कृपया अधिक शिळा करून सादर करावा."

आणि मग कानतुट्याचा विषय निघाला.

अधिकारी माझ्यासमोर चहा ठेवून बसला. "आजी, तो जिवंत राहिला तर पुढे त्याला घर लागेल, त्याची आई लागेल, तिला आवाज द्यायला कुणी लागेल. म्हणून तुमच्यावर सोपवतो. कानतुट्या पुलावर पुरात वाहून जाऊ दे, की गेममधला समुद्र काढून टाकू?"

"समुद्र? अरे, सगळ्या होड्या कुठे जातील?"

"तेच ना. शिवाय मासे. शिवाय तुमच्या आवडीचं ते दीपगृह. पण तुम्ही म्हणाल तसं."

मी विचार केला. दोन्ही बाजू तोलल्या. जबाबदार माणसासारखं खिडकीबाहेरही बघितलं. "समुद्र काढून कसं चालेल?" मी म्हणाले. "जाऊ दे त्याला पुरात. पण आधी त्याला आठवू दे. मरायच्या आधी त्याला कळू दे, मी कोण ते."

"सुंदर," अधिकारी म्हणाला. "पूल ओलांडताना आठवेल. वाक्य अर्ध्यावर आलं की पाणी येईल. खर्चही वाचतो. आणि ज्यांनी त्याला आधीच मारलाय, त्यांच्या गेममध्ये त्याचा जुळा भाऊ बुडेल."

तो निघून गेला. चहा गार झाला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो समुद्र म्हणजे कालचा भोपळा होता. मी तरातरा त्याच्याकडे गेले. "अरे, हे मी ठरवलं नव्हतं!"

तो नम्रपणे हसला. "असं कसं, आजी? तुम्हीच म्हणालात ना?"

इतका चांगला शिष्य मला दुसरा मिळाला नाही.

तिसरा भाग बाजारात आला. घरात मी चकार शब्द काढला नाही. नातीने विचारलं, "आजी, कानतुट्या वाचला का गं?" तर मी म्हटलं, कंपनीची गोपनीयता असते. आमचे हे मात्र विचारत नव्हते. मी ऑफिसला जायला लागल्यापासून दुपारचं राज्यही त्यांच्याच हातात गेलं होतं, आणि ते इतके शांतपणे खेळायचे की मला वाटलं, आता काय जाळतायत कोण जाणे.

परवा ऑफिस लवकर सुटलं. घरी आले तर हे टीव्हीसमोर. पडद्यावर नदीकाठ, ऊन, आणि काठावर दोन माणसं गळ टाकून बसलेली. एक ह्यांचा. दुसऱ्याचा डावा कान अर्धा.

"हा जुळा भाऊ ना?" मी विचारलं.

"छे. तोच आहे. पहिल्या भागापासून पुन्हा खेळलो मी. सोडला त्याला. डोंगर चढलो पायी." मग गळ पुन्हा टाकत म्हणाले, "फार चढ आहे गं तो."

मी छत्री कोपऱ्यात ठेवली. "आणि गाव?"

"गाव जाळलं. एकदम सगळं कसं सुधारणार?"

"पण सोडलात का त्याला?"

"तू नसतेस दुपारची. म्हटलं, ही ज्याच्यासाठी एवढी भांडली तो आहे तरी कसा, बघू." गळाला मासा लागला. कानतुट्या पडद्यावर टाळ्या पिटायला लागला. "मला ओळखत नाही तो. पण मासे बरे पकडतो."

"अहो," मी म्हटलं, "पुढे पूल आहे."

"माहीत आहे. एकदा ओलांडून आलोय. मग खेळ मागे नेला, पुलाच्या अलीकडे."

"तो पूर..."

"तोही माहीत आहे. शेवटी नावं येतात, त्यात तुझं वाचलं. 'निवड: आजी.' अक्षरं बारीक होती, पण वाचता आलं."

ह्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग कसा उतरवायचा ते मला येतं.

"मग आता हो?" मी विचारलं.

"आता काय? पूल ओलांडल्याशिवाय पूर येत नाही. मी ओलांडत नाही. दोन दुपारी झाल्या, इथेच बसलोय."

मी पडद्याकडे बघत राहिले. इतक्या बैठका घेतल्या, इतके भोपळे शिळे केले, पण माणूस नुसता बसून राहील हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यासाठी बटणच ठेवलं नव्हतं.

मग ह्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. "तुझ्यासाठी थांबलो होतो. त्याला तू आठवावीस, एवढंच हवं होतं ना तुला? पुलावर आठवतं त्याला. अर्धं वाक्य बोलतो. मग पाणी येतं. बघ, तू ठरव."

पूल अगदी समोर होता. कानतुट्या गळ सावरत होता, मध्येच माझ्याकडे बघून हसत होता, दुकानातलं अनोळखी पोर हसतं तसं. माझा अंगठा बटणावर होता. मग मी तो उचलला, रिमोट मांडीवर ठेवला आणि ह्यांना म्हटलं, जरा सरका.

आम्ही अजून तिथेच बसलोय. तेव्हा ज्यांना कानतुट्या जिवंत राहायला हवा असेल, त्यांनी कृपा करून इथेच थांबावं. याच्या खाली फक्त एक ओळ आहे, आणि ती वाचल्याने तुमचं काही भलं होणार नाही.

"अहो, थांबा! आठवलं मला! तुम्हीच ना ते, ज्यांनी मला त्या रानात..."