आप्पा आधी बूड पाहतात

भास्करआप्पा आमच्याकडे चहाला आले, की चहा संपल्यावर कप उलटा करून त्याचं बूड पाहतात. कोणाच्याही घरी पाहतात. खांडबाऱ्याच्या एका लग्नात त्यांनी समोरचा तांब्या असाच उलटा केला. त्यात अक्षता होत्या. त्या नवरदेवाच्या मामांच्या मांडीवर पडल्या, आणि मंगलाष्टकं अजून सुरूच व्हायची होती.

आप्पा मूळचे म्हसावदचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते नंदुरबारला आमच्या शेजारी राहतात, आता एकटेच. कमलकाकू गेल्या आणि त्यांनी मोबाइलवर जुनी पितळी भांडी शोधायला सुरुवात केली. विकणारे दूरदूरचे, त्यांना अहिराणी कळत नाही. म्हणून माझ्या रविवारच्या यादीत दळण आणि वीजबिल यांच्यामध्ये 'आप्पांचे मेसेज' हे काम आलं.

आप्पा सांगतात, "त्याले म्हन, पयले बूड दखाड!" मी त्या वाक्याला हिंदीचे बरे कपडे घालून पाठवते.

त्यांचं शहाणपण मात्र मान्य करायला हवं. एकानं 'आजोबांच्या काळचा' म्हणून दिवा दाखवला. आप्पांनी फोटो बोटांनी मोठा केला.

"बुडले एक घसारा नही! मंग आजा काय हाऊ दिवा हातमा धरी बठेल व्हता का?"

फोटो त्यांना उन्हातलाच लागतो. भोक बुजवायला डाक लावली असेल तर ती जागा बोट ठेवून दाखवायची. शिवाय भांड्यावर टिचकी मारून आवाज पाठवायचा. आप्पा ओट्यावर बसून, डोळे मिटून तो आवाज ऐकतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, लेकीचा फोन असावा. मग निकाल येतो, "बोदं वाजस. तडा शे. ऱ्हाऊ दे." असे किती विक्रेते टिचक्या मारून दमले! आणि एखादं भांडं सगळ्या परीक्षांत पास झालं, तरी शेवटी काठाचा फोटो पाहून ते "हाई नही" म्हणायचे. का, ते सांगत नसत.

मागच्या महिन्यात त्यांनी मला न विचारता एक कळशी मागवली. खोकं उघडून मी ती नळाखाली धरली, तर बुडातून माझ्या पायावर धार लागली.

"बुडाचा फोटो मागवला होता?"

"नही."

"आवाज?"

"नही."

"आप्पा, अहो, नियम तुमचेच ना!" परत करायची मुदत निघून जाते, म्हणून मी तिथंच फोन घेऊन तक्रार लिहायला बसले.

"ऱ्हाऊ दे, माय."

त्यांनी उपरण्यानं कळशी पुसली आणि काठ माझ्याकडे वळवला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती: सौ. कमल.

लेकीला लग्नात भांडी देताना त्यांवर तिचं नाव घालतात. सासरी आलेल्या बाईचं नाव पुष्कळदा तेवढंच कोरलेलं राहतं.

"काकूंची कळशी?"

"नही. तिनी कळशीवर माहेरनं गाव कोरीट बी व्हतं, बापनं नाव बी व्हतं. हाई दुसरीच कोणी कमल शे." ते नावावरून अंगठा फिरवत राहिले. "स्टील चमकस म्हनीसन तिनी कळशी मीच मोडमा दिधी. नवा सेटवर तिनं नाव घालाले मी ईसरी गऊ. ती गई, मंग सगळा भांडा पाह्यात. घरमा तिनं नाव कोठेच नही."

मी लिहिलेली तक्रार पुसली. "मग काय लिहू?"

"लिख, कळशी पोचनी."

आता सकाळी नळ आला, की आप्पा आधी तीच भरतात. दुपारपर्यंत कळशी रिकामी आणि सगळा ओटा ओला. अशी गळती मला पाहवत नाही. दुसऱ्या दिवशी मी घरातली एक परात नेऊन दिली, कळशीखाली ठेवायला.

"बरं करं, माय," म्हणत आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि उलटी करून तिचं बूड पाहिलं.