शेवंती भेकर कायदा शिकून येते

एका जंगलात, मुलांनो, भेकरांचं एक कुटुंब राहत होतं. भेकर म्हणजे हरणाचीच एक बुटकी जात. तुम्ही शहरातली मुलं, तुम्हाला सगळंच सांगावं लागतं.

या घरातली शेवंती कायदा शिकत होती. त्या जंगलात कायदा एकच होता. बिबट्या दिसला की पळायचं. तो तिचा केव्हाच शिकून झाला होता, पण शिक्षण चालूच होतं.

अशात सातासमुद्रापलीकडच्या बर्फाळ जंगलातून उन्हाळी वर्गाचं बोलावणं आलं. आईने शेजारच्या सशिणीला मुद्दाम हाक मारली.

"अहो, बर्फात खुरांना घालायला काही मिळतं का हो? आमची शेवंती परदेशी जातेय ना!"

सशिणीला खुरं नव्हती. पण प्रश्न कशासाठी आहे ते तिला बरोबर कळलं.

बर्फाळ जंगलात शिकवायला प्राध्यापक लांडगे होते. आडनाव नव्हे, खरोखरचे लांडगे. पांढरेशुभ्र, चष्मा लावलेले, आवाज लोण्यासारखा. ते म्हणाले, "आम्ही 'भक्ष्य' हा शब्द वापरत नाही. आम्ही म्हणतो, भोजन-प्रक्रियेतला दुसरा पक्ष."

शेवंतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आजवर तिच्या घराण्यात कुणाला कुणी पक्ष म्हटलं नव्हतं.

शेजारच्या बाकावर एक मेंढी बसायची. शेवंतीने तिला हळूच विचारलं, "तुमच्याकडे खरंच कुणी कुणाला खात नाही?"

"खातात की," मेंढी म्हणाली. "पण आधी दिलगिरी व्यक्त करतात."

"किती सुधारलेत!" शेवंती म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात लुटूपुटूचा खटला झाला. लांडग्यांविरुद्ध मेंढी. मेंढीची वकील शेवंती. ती असं काही बोलली की सगळे लांडगे उभं राहून टाळ्या वाजवू लागले. तिला चषक मिळाला. मग मेजवानी झाली. मेजवानीत मेंढी कुठे दिसली नाही. शेवंतीला वाटलं, दमली असेल बिचारी, गेली असेल घरी.

शेवंती परत आली ती काळा डगला घालूनच. सिंहमहाराजांनी तिला बोलावून घेतलं. "आपलंही जंगल सुधारायला हवं," ते म्हणाले. "काय करावं?"

शेवंतीने तिकडचा कायदा जसाच्या तसा उतरवून दिला. यापुढे सुनावणीशिवाय कुणीही कुणाला खायचं नाही. ज्याला खायचं असेल त्याने अर्ज करावा आणि दुसऱ्या पक्षाने न्यायालयात जातीने हजर राहावं.

सगळं जंगल नाचलं. सगळ्यात जास्त नाचला बिबट्या. पहिला अर्जही त्याचाच आला.

दुसरा पक्ष होता शेवंतीचा बापूमामा.

बिबट्या बापूमामाच्या मागे आजवर कितीदा धावला होता. मामा कधी हाती लागला नव्हता. आता तोच मामा आंघोळ करून, भांग पाडून, आपल्या पायांनी चालत आला.

"शेवंते, काळजीचं काही नाही ना?" मामाने विचारलं.

"मामा, कायदा आपल्या बाजूने आहे."

"आणि बिबट्या?"

"तो समोरच्या बाजूने."

"फार लांब नाही गं बसलेला," मामा म्हणाला.

शेवंती बोलायला उभी राहिली. बर्फाळ जंगलात बोलली होती त्याहून सरस बोलली. सिंहमहाराज मान डोलावत होते. बिबट्या जांभया देत होता. प्रत्येक जांभईला त्याचे दात मोजता येत होते.

"महाराज," शेवटी बिबट्या म्हणाला, "पोरीचे सगळे मुद्दे मला मान्य आहेत."

"मुद्दे उत्तमच आहेत," महाराज म्हणाले. "अभ्यास करावा लागेल. निकाल राखून ठेवतो."

"आणि तोवर मामा?" शेवंतीने विचारलं.

"तूच लिहिलंयस की. निकाल लागेपर्यंत दुसरा पक्ष अर्जदाराच्या ताब्यात."

ते कलम तिने खरंच लिहिलं होतं. तिकडे होतं म्हणून लिहिलं होतं.

बिबट्या उठला. त्याने मामाच्या खांद्यावर मायेने पंजा ठेवला. मामाला अजून काही कळलं नव्हतं. तो भाचीकडे बघून म्हणाला, "छान बोललीस हं. तुझ्या आईला सांगतो."

शेवंतीला एकाएकी एकही कलम आठवेना. ती सगळा जीव एकवटून ओरडली,

"मामा, पळा!"

मामाचं वय झालं होतं, पण पाय शहाणे होते. त्यांनी मामाला विचारलंसुद्धा नाही. पंजा हवेत राहिला आणि मामा करवंदीच्या जाळीपार गेला. मागोमाग शेवंती. डगला जाळीत अडकला, फाटला, तिथेच राहिला.

न्यायालयाचा घोर अपमान झाला. महाराज म्हणाले, इतकी शिकलेली मुलगी आणि हे असलं वागणं! शेवंतीची वकिली कायमची बंद झाली. प्राध्यापक लांडग्यांनीही दिलगिरी व्यक्त केली.

बापूमामा अजून आहे. भाची पहिलाच खटला जिंकली, असं तो भेटेल त्याला सांगतो. आणि निकालही, मुलांनो, यथावकाश लागला. चांगला लांबलचक, मामाच्या बाजूने. तो ऐकायला तिथे एकही भेकर नव्हतं.

तात्पर्य, नीट पाठ करा: न्याय सर्वांना मिळतोच. फक्त तो मिळत असताना आपण तिथे हजर असू नये.