मनातले दहा

पाहुणे ओटीवर टेकले न टेकले तोच शकूने नवऱ्याला बाजूला घेतलं. "ऐका, तो पंप कोणासमोर काढायचा नाय. पोरीचा बाप दमेकरी हाय म्हणतील. आणि सयाजीराव काय बोलले तर लगेच हो म्हणू नका."

कोंडाजीची खोडच ती. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या तोंडून 'हो' निसटे. अशानेच शेजाऱ्याचा मारका बैल वर्षभर त्याच्या गोठ्यात होता. आज मात्र दोन गोष्टी सोडायच्या नव्हत्या. सारिकाचं लग्न पोलादपूरवरच्या ह्या वाडीत, आपल्या दारात व्हावं. मुंबईच्या हॉलचे जिने त्याच्याने चढवले नसते. आणि तारीख तिच्या कॉलेजच्या परीक्षेनंतरची.

पोह्यांना फोडणी पडली. मिरचीचा खकाणा ओटीवर आला आणि कोंडाजीची छाती शिट्टी वाजवू लागली. "जरा गुरं बघून येतो," म्हणत तो मागच्या पडवीत सटकला.

महाडच्या दवाखान्यातल्या सुनीती सिस्टरनी सगळं घोटून घेतलं होतं. पंप हलवा, श्वास सोडा, दाबताना सावकाश आत ओढा, मग तोंड मिटून मनात दहा मोजा. "मध्येच बोललात तर औषध वाया, काका. साप निघाला तरी तोंड उघडायचं नाही."

पंप मुठीत लपवून कोंडाजी तीनपर्यंत पोचला, तेवढ्यात मागून सयाजीराव आले. नवऱ्यामुलाचे वडील, उभा जन्म विक्रोळीत गेलेला.

"बरं झालं एकटे सापडलात. सीधी बात करतो. लग्न मुंबईला, हॉलमध्ये. काय म्हणता?"

कोंडाजीने नुसते डोळे मोठे केले. पाच.

"नाय पसंत? मग खाली पोलादपूरला करू."

छाती फुगलेली, मान ताठ. आठ. स्वयंपाकघराच्या झरोक्यातून सारिकाला बाप दिसत होता. रोजच्या सवयीने तीही श्वास धरून मोजत होती.

"लय कडक निघालात तुम्ही. चला, तुमच्या दारात. झालं?"

दहा. कोंडाजीने नाकाने लांबलचक श्वास सोडला. सयाजीरावांना तो नाराजीचा सुस्कारा वाटला. ते गुपचूप परसातला फणस न्याहाळू लागले.

कोंडाजीच्या ओठांवर 'हो' आला होता, पण आधी खोकला आला. सिस्टरनी जरा थांबून दुसऱ्यांदा पंप मारायला सांगितलाच होता. त्याने पाठ वळवून तेही उरकलं आणि तोंड मिटून पुन्हा समोर उभा राहिला.

सयाजीरावांनी रुमाल काढला. "आता काय राहिलं? तारखेचं टेन्शन हाय? पोरीची परीक्षा ना? मग परीक्षेनंतर धरू. पण कायतरी बोला हो."

कोंडाजीने दहा पुरे केले. "हो," तो म्हणाला.

ओटीवर परतल्यावर सयाजीराव बायकोच्या कानाशी लागले. "माणूस दिसतो गरीब, पण एकेक शब्द तोलून बोलतो. जपून राहायला हवं." दाराआड उभ्या शकूने ते ऐकलं आणि पोह्यांवर खोबऱ्याची आणखी एक मूठ पेरली.

पुढच्या तपासणीला सुनीती सिस्टरनी पंप मारून दाखवायला लावला आणि खूश झाल्या. "अगदी बरोबर, काका. नेहमी दहाच मोजता ना?"

"दहाच, बाई. व्याही समोर असले तर पंधरा."